सायकलवाले येतात तेव्हा खोरं शांत का असतं?



दिवाळी झाली की आपल्या रस्त्यानं दोन तऱ्हेची माणसं दिसायला लागतात. एक आपलीच. अंथरुणाची वळकटी, भांड्यांचं गाठोडं, कोंबड्या, कडेवरचं पोर, सगळं ट्रकात टाकून भिवंडी, वसई, वाड्याच्या वीटभट्टीकडं निघालेली. दुसरी उलट्या दिशेनं वर चढत येणारी. डोक्याला हेल्मेट, डोळ्याला काळा चष्मा, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे आणि बुडाखाली दीड-दोन लाखांची सायकल. वाडा, खोडाळा, सूर्यमाळ, जव्हार, विहीगाव या बाजूला शनिवार-रविवारी सकाळी यांचे जथे हमखास दिसतात. डांबरी सोडून मुद्दाम खडीच्या, मातीच्या, नदीकाठच्या वाटेला शिरतात. पाड्यातून जातात, पोरांना हात हलवतात, हंडा घेतलेल्या बाईचा फोटो काढतात, निघून जातात.

यावरून आपल्यात वाद झाला. तरण्या पोरांचं म्हणणं, वाटेत बोरीच्या काट्या टाका, आपोआप येणं बंद होईल. म्हातारी माणसं म्हणाली, पाहुणा आहे, पाणी मागतो, पाणी द्या, जाऊ द्या. मला दोन्ही पटत नाही, म्हणून हे लिहितो.

मी साकीनाक्याला गाळ्यात कामाला आहे. आपल्याकडं येणारे हे लोक निघतात तिथनं, ते मी बघतो. पहाटे पाचला, रिक्षांची गर्दी व्हायच्या आत, साकीविहार रोडनं पवईकडं, तिथनं मुलुंड, ठाणे, पुढं नाशिकचा रस्ता. काहीजण सायकल मोटारीच्या मागं बांधून थेट कसाऱ्यापर्यंत जातात आणि तिथं उतरवतात. माणसं वाईट नाहीत. कोणी बँकेत आहे, कोणी कॉम्प्युटरवर काम करतो, आठवडाभर एसीत बसून कंबर धरलेली असते. त्यांना धूळ खायची हौस आहे, एवढंच.

या सायकलीला ते ग्रॅव्हल बाईक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वाकलेलं, पण चाक रुंद, ब्रेक मोटारसायकलसारखे डिस्कचे, चढाला लागणारे हलके गिअर. टायरची रुंदी साधारण 40 मिलिमीटर. आता गंमत ऐका. आपल्या पोस्टमनची, दूधवाल्याची जी जुनी काळी अठ्ठावीस इंची सायकल होती, दीड इंची टायरची, तिची रुंदीही तेवढीच. शर्यतवाल्यांनी टायर बारीक करत करत 25 वर आणला. मग कच्च्या रस्त्यावर पंक्चर व्हायला लागलं, तेव्हा पुन्हा पोस्टमनच्या टायरवर आले. दोन लाख रुपये मोजून!

ही हौस वाढली अमेरिकेत. तिथं कॅन्सास म्हणून राज्य आहे. त्यात फ्लिंट हिल्स, म्हणजे गारगोटीचे डोंगर. तिथल्या धारदार खडीच्या रस्त्यावर 2006 सालापासून सुमारे 320 किलोमीटरची सायकल शर्यत होते. आज ती या खेळातली सगळ्यात नावाजलेली शर्यत आहे. तिचं नाव काय ठेवलं होतं? 'डर्टी कॅन्झा'. कॅन्झा हे तिथल्या आदिवासी जमातीचं नाव. राज्याचं नावही त्यांच्यावरूनच पडलं. या जमातीला आज कॉ नेशन म्हणतात. 1873 साली सरकारनं त्यांना त्यांच्या उरलेल्या जमिनीवरूनही उठवलं आणि दक्षिणेला, आज ज्याला ओक्लाहोमा म्हणतात तिथं नेऊन टाकलं. म्हणजे जमीन गेली, डोंगर गेले, नद्या गेल्या, आणि सव्वाशे वर्षांनी त्याच डोंगरात सायकली फिरवणाऱ्यांनी त्यांचं नाव घेऊन त्याच्यापुढं 'डर्टी', म्हणजे 'मळकट', असा शब्द लावला. कोणाच्या मनात वाईट नसेलही. 2020 साली लोकांनी आवाज उठवला तेव्हा नाव बदलून 'अनबाउंड ग्रॅव्हल' केलं. नाव बदललं. डोंगर कोणाचे, हा प्रश्न शर्यतीच्या पाटीवर मावत नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं की 'मोकळे डोंगर, शांत खोरी, निवांत कच्चे रस्ते' ही चीज कुठंही आपोआप तयार होत नाही. कुणीतरी तिथनं उठलेलं असतं, किंवा उठवलेलं असतं.

आता आपल्याकडं या. सायकलवाल्यांच्या तोंडी एक शब्द सारखा येतो, शांत. "किती शांत आहे इथे!" खरंच असतं. पण त्यांचा हंगाम कधी, ते बघा. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात ऊन सोसत नाही. म्हणून ते येतात दिवाळीनंतर, थंडीत. आणि आपला वीटभट्टीचा हंगाम कधी? दिवाळीनंतर. भात कापून झालं, नाचणी-वरई घरात आली, ती किती दिवस पुरणार याचा हिशोब झाला की भट्टीवाल्याची उचल घेतलेली माणसं निघतात. होळीला दोन दिवस येतात, परत जातात, ती पावसाच्या तोंडावर येतात. मधल्या काळात पिंजाळच्या, गारगाईच्या काठचे पाडे बघा. दाराला काट्या लावलेल्या, अंगणात एखादी म्हातारी, दोन शेरडं. शाळेच्या पटावर पोरं वीस आणि बाकावर सहा. हीच ती शांतता. सायकलवाल्याला वाटतं हा डोंगराचा स्वभाव आहे. ही आपल्या माणसांची गैरहजेरी आहे.

आणि मुंबईला आपली खोरी शांत दिसली की नेहमी एकच सुचतं. 1892 ला तानसा अडवली. 1957 ला वैतरणेवर मोडकसागर. 1973 ला वरची वैतरणा. मग भातसा. 2014 ला मधली वैतरणा. आता गारगाई आणि पिंजाळ कागदावर आहेत, गारगाईच्या धरणात वाडा तालुक्यातल्या ओगद्याच्या बाजूचं आपलं जंगल आणि पाडे जाणार आहेत. मुंबई रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी पिते आणि शहापुरात धरणाच्या उशाला असलेल्या पाड्यांवर मार्च-एप्रिलपासून टँकर लागतो. त्या धरणांचे मोठे लोखंडी नळ मुलुंड-पवईच्या बाजूनं शहरात शिरतात. मी रोज बघतो. गावाकडं फोन केला की आई सांगते, विहीर आटली.

या नळांचीही एक सायकल-कथा आहे, ती ऐकण्यासारखी आहे. तानसाच्या नळाच्या दोन्ही बाजूंना मुंबईत हजारो झोपड्या होत्या. नळाच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करा, असा हायकोर्टाचा आदेश झाला आणि महापालिकेनं झोपड्या तोडल्या. मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर काय करायचं? 2017 च्या सुमारास महापालिकेनं जाहीर केलं, मुलुंडपासून शीवपर्यंत 39 किलोमीटरचा सायकल ट्रॅक. आणि तिथली माणसं? बरीच कुटुंबं माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या कुशीत नेऊन टाकली. खोकल्यानं, कातडीच्या रोगानं माणसं हैराण झाली. विद्याविहारला नळाच्या कडेला फुटपाथवर बसून त्यांनी लढा दिला. 2019 मध्ये हायकोर्टाला म्हणावं लागलं की या लोकांना माहुलला राहायची सक्ती करता येणार नाही.

झोपड्या सायकलीसाठी तोडल्या असं मी म्हणत नाही, खोटं बोलून आपला लढा मोठा होत नाही. पण क्रम लक्षात ठेवा. आधी माणसं हटतात, मग जागा 'मोकळी' दिसते, मग तिथं काहीतरी छान, हिरवं, कोणालाच नाही म्हणता येणार नाही असं आणलं जातं. सायकलीला कोण नाही म्हणेल? धूर नाही, आवाज नाही, तब्येतीला चांगली. म्हणूनच सायकलीचं नाव पुढं करायला सोपं.

दुसरी गोष्ट पवईची, साकीनाक्यापासून हाकेच्या अंतरावरची. पवई तलावाला वळसा घालून सायकल आणि जॉगिंगचा ट्रॅक करायचं महापालिकेनं ठरवलं. तलावाच्या काठात दगड टाकून भराव सुरू झाला. दगडांच्या जाळीतून पाणी झिरपतं, त्यामुळं तलावाला काही होत नाही, असं महापालिकेचं म्हणणं. आयआयटीत शिकणारे विद्यार्थी कोर्टात गेले. 6 मे 2022 ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला: पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांप्रमाणं हे काम बेकायदा आहे, थांबवा, टाकलेला भराव काढा, तलाव होता तसा करा. बघा, पवई 1890 च्या सुमारास बांधलेला तलाव, आजूबाजूला बिल्डिंगांचं जंगल, त्याचं पाणी कोणी पीत नाही, तरी त्याच्या काठाला कायदा आहे. मग आपल्या नदीच्या काठाला नाही का? आहे, आणि तो आपल्या हातात आहे. त्याच्याकडं मी येतोच.

आरेची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे, थोडक्यात सांगतो. तिथं आदिवासींचे 27 पाडे. मेट्रोच्या कारशेडसाठी प्रजापूरपाड्याची घरं गेली. 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री झाडांना करवत लागली, दोन हजारांवर झाडं पाडली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी शहरातली पोरं-पोरी धावून आली, 29 जणांना अटक झाली. आरेच्या रस्त्यावर सकाळी सायकल मारणारे लोक रोज येतात, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तर फॉरेस्टवालेच सायकली भाड्यानं देतात. त्याच पार्कातून उठवलेली हजारो कुटुंबं आज साकीनाक्याशेजारी चांदिवलीच्या संघर्षनगरात राहतात. पार्कातल्या आपल्या पाड्यांना विजेसाठी, पाण्यासाठी भांडावं लागतं. एकाच जंगलात सायकलीला पावती मिळते आणि चुलीच्या मोळीला दंड.

म्हणून शहरवाला सगळा एकसारखा, असं मी मानत नाही. पवईचा भराव थांबवणारेही शहरवालेच होते. पण त्यांच्यातला कोण आपल्या बाजूला उभा राहील, हे आपण काय मागतो त्याच्यावर ठरेल. आपण काहीच मागितलं नाही तर तो फोटो काढून जाईल.

आता रस्त्याकडं येतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या पाड्यावर एका जथ्यातल्या माणसानं चहा पिता पिता मला सांगितलं, "हा रस्ता असाच ठेवा हं, डांबर होऊ देऊ नका. असे रस्ते आता उरले नाहीत." मनापासून बोलला. चहाचे पैसेही दिले. मी त्याला विचारलं, तुमच्या घरून दवाखाना किती लांब? म्हणाला, दहा मिनिटं.

2022 च्या ऑगस्टमध्ये मोखाडा तालुक्यात बोटोशीच्या मर्कटवाडीत एका बाईला दिवस भरायच्या आधी कळा आल्या. रस्ता नाही, गाडी येत नाही. घरीच जुळी बाळं झाली आणि दोन्ही दगावली. बाईला रक्तस्राव सुरू झाला. झोळी करून, भर पावसात, निसरड्या उतारावरून सुमारे तीन किलोमीटर नेली तेव्हा ती वाचली. स्वातंत्र्याला 75 वर्षं झाल्याचे झेंडे त्याच आठवड्यात लागत होते. त्या वाटेला सायकलवाल्याच्या भाषेत 'अनुभव' म्हणतात.

आणि आपल्या पोरी? मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, लांबच्या पाड्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. एक गिअर, साधे ब्रेक, मागं दप्तर. खडीच्या उतारावर ब्रेक लागत नाही म्हणून चप्पल घासत उतरतात, चढाला ढकलत नेतात. पंक्चर झालं तर दुकान आठवडी बाजाराच्या गावाला, म्हणून कित्येक सायकली पडवीला टांगलेल्या दिसतात. मला विचाराल तर या खोऱ्यातल्या खऱ्या ग्रॅव्हल चालवणाऱ्या या पोरी आहेत. त्यांना बक्षीस नको, त्यांना रस्ता पाहिजे आणि जवळ एक पंक्चरवाला.

फॉरेस्टवाले सांगतात, रस्ता वनजमिनीतून जातो म्हणून अडलाय, दिल्लीची परवानगी लागते. हे ऐकून गप्प बसायचं नाही. वनहक्क कायदा, 2006, कलम 3(2). गावाच्या सोयीच्या तेरा कामांसाठी वनजमीन देता येते: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेची लाइन, पाण्याची योजना, समाजमंदिर असं सगळं त्यात आहे आणि रस्ताही आहे. अटी तीन. प्रत्येक कामाला जागा एक हेक्टरच्या आत, हेक्टरी 75 च्या वर झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस. वनसंवर्धनाच्या कायद्याची आडकाठी या कामांना नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. म्हणजे मर्कटवाडीसारख्या पाड्याला रस्ता द्यायला कायदा 2006 पासून तयार आहे. अडतंय ते ऑफिसातल्या फायलीत. आणि हो, ती तेरा नावं पुन्हा वाचून बघा. त्यात सायकल ट्रॅक नाही, टेंट नाही, व्ह्यू पॉइंट नाही.

पण दुसऱ्या दारानं ते येऊ शकतं. 2023 मध्ये संसदेनं वनसंवर्धनाचा कायदा बदलला. पूर्वी जंगलात पर्यटनाचं बांधकाम म्हणजे 'वनेतर' काम, त्याला केंद्राची मंजुरी लागायची. आता फॉरेस्टच्या कार्य आयोजनेत लिहिलेल्या इको-टुरिझमच्या सोयी वनेतर धरायच्या नाहीत. म्हणजे पाड्याच्या दवाखान्याला हेक्टराची आणि झाडांची मोजदाद, आणि फॉरेस्टनं त्यांच्या कार्य आयोजनेत एक ओळ लिहिली की निसर्ग पर्यटनाला रान मोकळं. तेव्हा पहिलं काम, आपल्या जंगलाच्या कार्य आयोजनेत पर्यटनाबद्दल काय लिहिलंय ते माहितीच्या अधिकारात मागा. ती जाडजूड असते, सगळी नको, तेवढाच भाग मागा.

त्याच्या पुढचं पाऊल जमिनीचं असतं. आज सायकल येते, उद्या तिच्या मागून मोटार येते आणि विचारते, ही उतरंडीची जमीन कोणाची? नदी दिसते का? टेंट लावायला वर्षाच्या बोलीनं द्याल का? तोंडी बोली, हातात काही हजार रुपये, वर्षानं तारेचं कुंपण. जमीन महसूल संहितेचं कलम 36 अ आहे. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, भाड्यानंही देता येत नाही. तोंडी बोली करणारा आपलाच भाऊबंद असला तरी हे त्याला सांगितलं पाहिजे. भट्टीवर गेलेल्या माणसाच्या मागं त्याच्या बांधावर खुंट्या मारलेल्या असतात, हे काही नवीन नाही.

आणखी एक गोष्ट, मोबाईलची. सायकलवाल्याच्या हँडलवर यंत्र असतं. तो गेला ती प्रत्येक वाट त्यात उमटते आणि घरी पोचायच्या आत जगाला दिसते. 2018 मध्ये असल्याच एका अॅपच्या नकाशावर अफगाणिस्तान आणि सीरियातले अमेरिकेच्या लष्कराचे तळ दिसून आले होते, कारण तिथले शिपाई धावायला जाताना ते यंत्र मनगटाला बांधायचे. लष्कराची वाट लपत नाही तर आपली काय लपणार? झऱ्याकडची वाट, वाघोबाच्या थानाकडची वाट, मोहाच्या झाडांकडची वाट, सगळी नकाशावर जाते, आणि तिथं नाव काय पडतं? 'सीक्रेट ट्रेल'. ज्या वाटेनं आपल्या आज्या सरपण आणत आल्या ती गुपित!

यंत्रावर राग धरून मात्र चालणार नाही. वनहक्काच्या दाव्यांसाठी जीपीएस घेऊन प्लॉट मोजायला आपण शिकलोच की. तेच यंत्र घेऊन आपली पोरं आपल्या वाटा मोजू शकतात. सामूहिक वनहक्काच्या नकाशात गुरांची वाट, पाण्याची वाट, देवाची वाट दाखवा, तिला तिचं नाव द्या. उद्या कोणी म्हणालं ही वाट आम्ही शोधली, तर आपला कागद आधीचा पाहिजे.

मग सायकलवाल्यांचं करायचं काय? काट्या टाकायच्या नाहीत. एखादा पडला, डोकं फुटलं, तर केस आपल्या पोरावर होईल आणि पेपरात येईल 'आदिवासींचा हल्ला'. पाहुणा म्हणायला माझी ना नाही, पण आपल्याकडं पाहुणा आला की आपण विचारतो ना, कुठनं आलात, कोणाकडं आलात, किती दिवस? या पाहुण्यांना आपण काहीच विचारत नाही, नुसते बघत राहतो.

विचारायचा अधिकार ग्रामसभेला आहे. वनहक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणं जंगल, पाणी, पाणलोट सांभाळायचा आणि आपल्या सामूहिक वनात कोण येतं-जातं त्याचं नियमन करायचा अधिकार ग्रामसभेचा. पेसाच्या 2014 च्या महाराष्ट्र नियमांप्रमाणं एकेका पाड्यालाही आपली वेगळी ग्रामसभा जाहीर करून घेता येते. गडचिरोलीतल्या मेंढा गावानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं. त्याच्याआधी फॉरेस्टवाले म्हणायचे, हे जमणारच नाही. बांबूचा पास जर ग्रामसभा फाडू शकते तर सायकलवाल्याची नोंद का नाही करू शकत?

माझा प्रस्ताव असा. सामूहिक वनातल्या वाटांवर जथ्यानं यायचं असेल तर ग्रामसभेच्या वन व्यवस्थापन समितीला आधी कळवायचं. पाड्यातलं एक माणूस वाट दाखवायला बरोबर, त्याची मजुरी ठरलेली. मुक्काम फक्त समिती सांगेल त्या घरी, उघड्यावर टेंट नाही. थानाजवळ सायकल नाही, बाया पाण्यावर असताना फोटो नाही. वर्गणी जमेल ती ग्रामसभेच्या खात्यात, एकाच्या खिशात नाही. आपल्यातलेही काही हुशार आहेत, दोन बांबू आडवे टाकून 'पार्किंग' म्हणून पन्नास रुपये घ्यायला लागलेत, त्यांनाही हे लागू. या वर्गणीतून पहिली खरेदी एकच करावी, पाड्यावर पंक्चरचं सामान आणि हवेचा पंप, पोरींच्या सायकलींसाठी. सायकलवाल्यांमध्ये दुरुस्ती जाणणारे पुष्कळ असतात. त्यांना सांगा, एक रविवार पोरींना पंक्चर काढायला शिकवा. ज्याला खरंच आपल्याशी नातं जोडायचंय तो येईल.

पण यातनं भट्टी सुटेल अशा भ्रमात राहू नका. दहा सायकलवाल्यांच्या चहा-भाकरीनं एका घराचाही हिवाळा निघत नाही. भट्टी सुटायची तर दिवाळीनंतर गावातच काम पाहिजे, आणि काम समोर पडलंय. रोजगार हमीचा कायदा देशात पहिला आपल्या महाराष्ट्रानं केला, 1977 ला. जो रस्ता फॉरेस्टनं अडवलाय तो कलम 3(2) खाली मंजूर करून घ्यायचा आणि त्याचं माती-खडीचं, मोऱ्यांचं काम दिवाळी ते होळी हमीवर मागायचं. खडी आपणच फोडू, आपणच पसरू, मजुरी आपल्याला. गरोदर बाईची गाडी दारापर्यंत येईल, पोरी शाळेत बसून जातील, आणि सायकलवाल्यांनाही त्यावरून यायचं तर येऊ द्या, त्यांचा टायर 40 मिलिमीटरचा आहे. फक्त तेव्हा त्यांना खोरं शांत नाही मिळणार. घमेल्यांचा, पोरांचा, भांडणाचा आवाज असेल.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या, दोन वेगळ्या कागदांवर. एक, रस्त्याची शिफारस: कुठनं कुठं, लांबी किती, रुंदी किती, झाडं किती, आणि याच्याआधी कोणत्या साली अर्ज केला होता. दुसरा, वाटांच्या नियमनाचा. भट्टीवर गेलेल्यांना आठ दिवस आधी निरोप पोचवा, नाहीतर कोरम होत नाही. एका दिवसाची मजुरी बुडेल, ती बुडू द्या. रस्त्याच्या ठरावाची एक प्रत रेंज ऑफिसरला, एक तहसीलदाराला. आपल्या प्रतीवर तारखेसह पोचचा शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.

— एक कार्यकर्ता, साकीनाका